चीवर उतरवल्यावर

१० जून
घरी येऊन दोन दिवस झाले. थोरल्या भन्तेंसमोर रीतसर सांगितलं, चीवर उतरवलं, पँट घातली. चार वर्षं भिक्खू, आता पुन्हा प्रफुल. पँट कमरेला काचते.
आज आई ताट पुढ्यात ठेवून अंगणात गेली. मी नुसता बसून. भिक्खूनं हातात दिल्याशिवाय खायचं नसतं, ती सवय. भात निवला. आई आली, भाजीत काही पडलं का म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं. ताट उचलून दोन्ही हातांनी दिलं. "घ्या जी."
पोटच्या पोराला, घ्या जी.

१४ जून
शेजारच्या अनसूयाबाई पाया पडायला वाकल्या. त्यांना अडवायचं, तर माझा हात आपोआप वर, आणि तोंडातून "सुखी व्हा". सत्तरीच्या बाईला! ओट्यावर बाबा हसले. मलाही हसू आलं, पण लाज जास्त वाटली.
आईनं अनसूयाबाईंना सांगितलं, "भन्ते काई दिवसासाठी आले." मी आतून ऐकलं. भन्तेची आई म्हणून विहारात तिला पुढे बसवायचे. तो मान माझ्यामुळेच गेला, हे खरं आहे.

२२ जून
बाबांबरोबर ब्रह्मपुरीला, खत आणायला. येताना जीपमध्ये गच्च गर्दी, बाजूचा माणूस माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपला. बरं वाटलं. भिक्खू असताना कुरखेड्याकडच्या गावागावांत फिरलो, सगळे पाया पडले, शेजारी कुणी बसलं नाही. परत का आलो, तर हे. लोकांना काय सांगायचं ते अजून...
संध्याकाळी जेवलो. पोट जड. भिक्खू दुपारनंतर जेवत नाही म्हणून आई अजूनही बाराच्या आत वाढून मोकळी होते. रात्रीचं बाबा विचारतात.

८ जुलै
रोवण्यासाठी धानाचे पऱ्हे, कोवळी रोपं, काढायला गेलो. पहिल्याच मुठीला हात थांबला. भिक्खूनं हिरवं तोडायचं नाही. बाबा बांधावरून बघत होते. "भात खाऊन राह्यलास ना? मंग उपट."
उपटले. कंबर गेली.

१० जुलै, आषाढ पौर्णिमा
आजपासून वर्षावास. विहारात नवीन भन्ते आलेत, पावसाचे तीन महिने राहतील. माझ्यापेक्षा लहान असावेत. पहिलं भोजनदान आमच्याकडे. मीच वाढलं, एकेक पदार्थ त्यांच्या हातात दिला.
जेवण झाल्यावर आईनं चार लोकांदेखत हात जोडले. "याले परत घेता येईन का जी?"
बाबा उठून बाहेर गेले. मी भांडी उचलत होतो, उचलतच राहिलो. राग आला. फार आला. घरी आलेल्या पोराला परत पाठवायची एवढी घाई?
भन्ते म्हणाले, येतं घेता. पण तुम्ही त्यांना विचारलंत का?


११ जुलै
दुपारी पाणी प्यायला आत गेलो तर आई तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तिथी सुख होतं का तुले?"
चार वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. भन्तेकडे लोक आशीर्वाद मागतात, सुखात आहात का असं विचारत नाहीत.
"नाई," म्हटलं.
तिनं सूप खाली ठेवलं. मग कधी बोलला का नाहीस, म्हणाली. मी म्हटलं, तू कुठे विचारलंस. बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला.
"आन इथी?"
हो म्हणायचं होतं बहुतेक. ती माझ्याकडे बघत राहिली, मग पुन्हा तांदूळ निवडायला लागली. अजून तिला काही सांगितलेलं नाही.