आधी खाऊन घे

१२ मार्च

दवाखान्यातून थेट विमानतळावर आले. अण्णांच्या तोंडात कवळी नव्हती. जन्मभर लोकांना दात करून दिले आणि स्वतः बोळके! म्हणाले, "बघ, आता मी कुणाला चावत नाही. जा तू. मी काय पळून चाललोय?" डॉक्टर म्हणतात, छातीत पाणी झालंय, निघेल.

आई खाटेजवळून हलली नाही. "सोमवारी कामावर हजर हो म्हणजे झालं." तिकीट पुढं ढकलू का, असं मी पुन्हा विचारलं तेव्हा तिनं नुसतं बघितलं. त्या बघण्यापुढं मी आजवर काही बोललेले नाही.

नोकरी परदेशात, दादा काम करतो त्याच लॅबमध्ये आहे. कवळ्या करायच्या. अण्णांनी मागच्या खोलीत शिकवलं तेच — मेण तापव, दात बसव, घास, पुन्हा घास. शाळेत घालायच्या आधीच मला सुळा आणि दाढ ओळखता येत होती. अक्षरं नंतर आली.

१३ मार्च, विमानात

झोप नाही. शेजारच्या बाईंच्या खांद्यावर डोकं पडू नये म्हणून ताठ बसलेय. त्या मात्र खुशाल माझ्या खांद्यावर!

१३ मार्च, संध्याकाळ

पोचले. जमेल तसं सगळं लिहून ठेवते.

सामान घेतल्यावर दोन वाटा होत्या. कस्टमला काही दाखवायचं असेल तर डावीकडं, नसेल तर सरळ बाहेर. सगळे सरळ गेले. माझ्या बॅगेत फडक्यात गुंडाळलेला नमुन्याचा प्लास्टरचा जबडा होता. तो दाखवण्यासारखा आहे की नाही, ठरेना. गेले डावीकडं. तिथल्या अधिकारी बाईंनी फडकं उलगडलं आणि एक पाऊल मागं सरकल्या.

"कुणाचा आहे?"

"शेजारच्या काकांचा."

असं म्हणायला नको होतं! मग मोडक्यातोडक्या भाषेत, तोंडाशी हात नेऊन सगळं समजावलं. त्या इतक्या हसल्या की पलीकडचा शिपाई बघायला आला. मग आ करून मला स्वतःची एक बसवलेली दाढ दाखवली. काम बरं होतं. कड जरा जाड.

बाहेर दादा. वाळलाय. केस मागं हटलेत. "आलीस!" म्हणाला, आणि लगेच, "आधी खाऊन घे काहीतरी."

माझे पाय तिथंच थांबले.

आमच्या घरी वाईट बातमी उपाशीपोटी सांगत नाहीत. प्रवासातल्या माणसालाही नाही. मावशी गेली तेव्हा मी शाळेतून आले होते. अण्णा म्हणाले, "आधी जेव." समोर बसून राहिले. भात संपला, मी हात धुतला, मग सांगितलं. सख्ख्या काकांच्या वेळीही तसंच. शेवटचा घास गिळेपर्यंत आपल्याकडं कुणी काही बोलत नाही.

विमानतळावरच एका टेबलाशी बसलो. त्यानं पाव आणि चहा आणला. मी अर्धा पाव ठेवला.

"संपव की."

"पोट भरलं."

"कधीपासून अन्न टाकायला लागलीस?"

मी तो पाव रुमालात बांधून पिशवीत टाकला. टाकलं नाही आणि संपवलंही नाही.

मग बस. तिकीट यंत्रातून काढायचं. दादानं दोघांची काढली. माझं मी दोनदा तपासलं, दिवस बरोबर आहे ना. तो खिडकीशी मला बसवून सारखा बोलत होता — ही गोदामं, हा पूल, इथून डावीकडं लॅब, तो उंच दवाखाना, आपली कामं तिथूनच येतात. हा माणूस घरी असताना मीठ मागायलासुद्धा बोट दाखवायचा! मी "हो का," "अरे वा," म्हणत गेले. शहर हळूहळू जवळ आलं. आधी नुसते रस्ते, मग दुकानं, मग वाळत घातलेले कपडे. कपडे दिसल्यावर जरा बरं वाटलं.

अण्णा कसे आहेत, हे मी विचारलं नाही. त्यानंही विषय काढला नाही.

१४ मार्च

खोली तिसऱ्या मजल्यावर. एक खाट, एक गादी, खिडकीत दादाची हत्यारं ओळीनं. खाट मला दिली.

माझा फोन इथं चालत नाही. "सिम सोमवारी घेऊ, शनिवार-रविवार दुकानं बंद असतात." खालचं दुकान उघडं होतं. मी बघितलं.

आईचा फोन आला की तो जिन्यात जाऊन बोलतो. आत येतो तेव्हा डोळे पुसलेले असतात. "आई बरी आहे. तुला विचारत होती." बस, इतकंच.

दोन्ही वेळेला ताटात थोडं ठेवलं. तो चिडला. "तुझं काय चाललंय काय?" मी म्हटलं, प्रवासानं भूक मेलीय.

१५ मार्च

दादा झोपेत दात खातो. सकाळी मुद्दाम त्याच्याकडं नीट पाहिलं. त्याला हे सांगणं जमणार नाही. एकट्यानं इतकं ओझं घेऊन फिरतोय, आणि मी पावाच्या तुकड्याआड लपतेय! आज स्वयंपाक मी करते. आज त्याला वाढते.

१५ मार्च, संध्याकाळ

दादा पोटभर जेवला. हात धुऊन आला तेव्हा म्हटलं, "अण्णा गेले ना? मला कळलंय. तू नको सांगूस."

"गेले? कोण म्हणालं? अगं, तू निघालीस तेव्हापासून तुझ्या नावानं हाका मारतायत! तू ऐकलंस तर उलट्या पावली परत येशील, म्हणून आई म्हणाली, सोमवार होऊ दे."

"मग विमानतळावर आधी खाऊन घे का म्हणालास?"

"भूक लागली असेल म्हणून!"

तो आईला फोन लावतोय. लागत नाहीये. मी भांडी घासायला घेतली होती, ती तशीच टाकून इथं येऊन बसलेय. पुन्हा लावतोय.

लागला.