परतीची वीज

मंगळ., ४ फेब्रु.
झालं! वीज परत गेली!
सकाळभर बॅटरी भरली. दुपारी सचिनने करंट उलटा फिरवला आणि आमच्या डब्याने, म्हणजे बॅटरी तपासायच्या आमच्या मशीनने, बॅटरीतली वीज काढून सरळ लाईनीत ढकलली. करंट शून्य ओलांडताना झटका नाही, काही नाही. मीटरवर वजा चिन्ह, म्हणजे वीज उलटी चाललेली. मी ओरडलेच. सचिन, माझा भागीदार, नांदेडचा. तो म्हणाला, "मंजिरी, पुन्हा एकदा कर की." संध्याकाळपर्यंत तेच करत बसलो.
जुन्या कंपनीत बॅटरी रिकामी करायची म्हणजे नुसत्या कॉइल तापवायच्या. सगळी वीज हवेत, लॅबची भट्टी.

गुरु., ६ फेब्रु.
गुरुवार, लाईनीच्या दुरुस्तीचा वार, लाईट नाही. झाडलोट. सासरे आले. माण गावातली ही आमच्या कामाची शेड त्यांचीच, पण डबा पहिल्यांदाच बघितला.
"ह्यो करतो काय?"
"दादा, बॅटरी भरतो. तपासून झाली की तीच वीज काढून लाईनीत परत देतो."
"समदी?"
"जवळजवळ."
"मग ऱ्हायलेली कुटं जाती?"
बरोब्बर प्रश्न! म्हटलं, थोडी तापण्यात जाते.
"ती बी आन परत," म्हणाले आणि निघाले.

सोम., १० फेब्रु.
चाकणच्या लॅबमधून पवार मॅडमचा फोन. इलेक्ट्रिक रिक्षांच्या बॅटऱ्या तपासतात. परदेशी मशीन घ्यायचं जवळपास ठरलंय, पण शुक्रवारी आमचं बघतील. नाही जमलं तर मला परत नोकरी शोधायला हवी. नीलेशशी हे बोलले नाही. नवरा आहे, न बोलताही कळलंय त्याला.

शुक्र., १४ फेब्रु.
चाकणहून आत्ताच परतलो.
बॅटरी छान रिकामी होत होती आणि लॅबची लाईट गेली. डबा त्याच क्षणी आपोआप लाईनीपासून सुटला! सुटायलाच हवा, नाहीतर बाहेर खांबावरच्या वायरमनच्या जिवावर बेतायचं. मी खूश, मॅडमचा चेहरा कोरा. मग जनरेटर लागला.
"आता चालवा," मॅडम म्हणाल्या.
सचिन हात पुढे करतोय तोच मी नाही म्हटलं. "जनरेटरला वीज परत घेता येत नाही मॅडम. बिघडेल."
"आमच्याकडे लाईट कायम जाते. मग हे घेऊन मी काय करू?"
संपलं, वाटलं. सचिन खाली बघतोय. तेवढ्यात कोपऱ्यात कपाटाएवढा ओव्हन दिसला, बॅटऱ्या गरम करून तपासायचा. विचारलं, हा लावू? आधी ओव्हन लावला, मग तो खातो त्यापेक्षा कमी वीज आम्ही सोडली. सगळी ओव्हनने खाल्ली. जनरेटरकडे गेलीच नाही, उलट त्याचा आवाज हलका झाला! मॅडम खिडकीशी जाऊन ऐकत उभ्या.
"म्हणजे डिझेलपण कमी?"
"हो!"
येताना तळवड्याच्या सिग्नलला सचिन हसायला लागला. थांबेचना.

मंगळ., १८ फेब्रु.
डबा पवार मॅडमनी वापरून बघायला ठेवून घेतलाय. ऑर्डर घेणार की नाही, अजून बोलत नाहीत. आज त्यांचा फोन आला तो भलताच. "बसच्या बॅटरीसाठी मोठा कराल का?"
"करू," मी म्हणून मोकळी. सचिनला विचारलंसुद्धा नाही! सांगितल्यावर तो म्हणाला,
"अगं, एवढा मोठा शेडच्या दारातून बाहेर कसा काढायचा?"
आत्ता टेप घेऊन दार मोजतोय.