धुलाईघरातील सोबती बदलण्याबाबत

प्रति,
मा. कर्मचारी कल्याण अधिकारी,
रुग्णालय प्रशासन, दुसरा मजला.

विषय : साथीच्या काळातील ‘सोबती योजने’त सोबती तातडीने बदलणेबाबत.
संदर्भ : मनोबल वाढविण्याविषयीचे आपले परिपत्रक (धुलाईघराच्या दारावर चिकटवलेले).

महोदया,

१. अर्जदार धुलाई यंत्रावर अकरा वर्षे काम करीत आहे. परिपत्रकानुसार दोघादोघांनी पाळीच्या सुरुवातीस एकमेकांच्या मनाची विचारपूस करून तक्ता भरावयाचा आहे. परिपत्रकावर हसरा चेहरा छापलेला पाहूनच अर्जदार सावध झाला होता. त्याच्या वाट्याला इस्त्रीकाम करणाऱ्या ताई आल्या.

२. झोप लागली का, घरचे कसे आहेत, असे ताई रोज विचारतात. इतक्या आपुलकीने या इमारतीत आजवर कोणी विचारले नव्हते. सबब अर्जदाराच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

३. हात थरथरतात, असे अर्जदार एकदा बोलून गेला. तिसऱ्याच दिवशी त्याला साथीच्या वॉर्डातल्या चादरींच्या कामावरून काढून घड्या घालायला बसवले. आता नोकरीवर गदा येणार आणि ताईच प्रशासनाचे कान भरीत आहेत, अशी त्याची खात्री पटली. म्हणून जेवणाच्या सुट्टीत त्याने तक्त्यांची फाईल चोरून चाळली. हे गैर होते, मान्य आहे.

४. त्यात ताईंच्या अक्षरात इतकेच होते : ‘यांना बसून करायचे काम द्यावे. त्या चादरी मी करीन.’

५. शेजारचा रकाना ताईंच्या मनःस्थितीचा असून तो अर्जदाराने भरावयाचा होता. तेथे चाळीस दिवस ‘उत्तम’ लिहिले आहे. अर्जदाराने, म्हणजे मीच, एकदाही न विचारता. जी बाई आपल्यावर पाळत ठेवते तिची कसली विचारपूस, असे वाटले. ताईंचा भाऊ याच रुग्णालयात, चौथ्या मजल्यावर वारला, हे मला परवा कळले. त्या दिवशीही ‘उत्तम’च आहे. त्याच जोरावर आपण त्यांना ‘खंबीर कर्मचारी’ ठरवून दोन पाळ्या दिल्या आणि रजा नाकारली. मला लाज वाटते.

६. तरी माझे तक्ते खोटे समजून ताईंना रजा द्यावी व माझ्याऐवजी बरा सोबती द्यावा.

७. काल मी त्यांना प्रथमच विचारले, की ताई, तुम्ही कशा आहात. त्यांनी इस्त्री बाजूला ठेवली आणि विचारले, की हे विचारायला तुम्हाला कोणी पाठवले.

निर्णय आजच व्हावा, ही विनंती.

आपला नम्र,
(सही)
यंत्रचालक, धुलाईघर
सोमवार, पहिली पाळी

सोबत : खोटे तक्ते, एकूण चाळीस.