तो काही करत नाही

बाबा, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. या वर्षांत मी तुमच्याशी मनातल्या मनात पुष्कळ बोलले, पण भांडले कधीच नाही. आज भांडायचं आहे, म्हणून लिहायला बसले.

मी चौथीत होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही मला सायकलवर पुढे बसवून मीटर वाचायला बरोबर न्यायचात. नागपुरातल्या बंगल्यांतून वीज मंडळाचं रजिस्टर घेऊन फिरायचं म्हणजे कुत्र्यांशी रोजच गाठ. "पळायचं नाही," तुम्ही मला शिकवायचात. "डोळ्यांत बघायचं नाही. अंग तिरकं करून उभं राहायचं आणि हळूच मागे सरकायचं." एके दिवशी कोपऱ्यावरच्या बंगल्याच्या फाटकाची कडी तुम्ही तीनदा वाजवलीत. कोणी आलं नाही, म्हणून आत गेलात, आणि व्हरांड्याखालून आलेल्या कुत्र्याने तुमची पोटरी धरली. मालक वर्तमानपत्र हातात घेऊन बाहेर आले. म्हणाले, "तो काही करत नाही हो. तुम्हीच घाबरलात." तुमच्या चपलेत रक्त उतरत होतं आणि तुम्ही म्हणालात, "माझंच चुकलं साहेब. कडी वाजवायला हवी होती." मी फाटकातून ओरडले, "बाबांनी वाजवली होती, तीनदा." तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "मोठ्यांच्या मध्ये बोलायचं नाही." संध्याकाळी स्वयंपाकघरात आई मोरीपाशी बसून तुमची जखम साबणाने धूत होती आणि तुम्ही तिला सांगत होतात की साहेब मोठ्या हुद्द्यावर आहेत, उगाच बदलीबिदली व्हायची. पुढे पोटात चौदा इंजेक्शनं घेतलीत. मी रोज दवाखान्याच्या बाकावर बसून राहायचे. मला कुत्र्याचा राग कधीच आला नाही.

आता माझ्याकडे कुत्री आहे. तुम्हाला हसू येईल. इथे अमेरिकेत, हर्नडनला, आम्ही भाड्याच्या घरात राहतो, दोघंही कॉम्प्युटरच्या नोकरीत, दोघांचेही व्हिसा कंपनीच्या हातात. तीन वर्षांपूर्वी बेवारस कुत्र्यांच्या शेल्टरमधून तिला आणली. तपकिरी, एक कान फाटलेला. माणसांशी लोण्यासारखी मऊ, पण अनोळखी कुत्रं समोरून अंगावर आलं की तिचा थरकाप होतो आणि मग ती दात दाखवते. म्हणून मी तिला घेऊन फिरते ते सांभाळून. समोर कुत्रं दिसलं की रस्ता ओलांडते, नाहीतर गवतात उतरून अर्धगोल वळसा घेते. पट्टा सैल ठेवायचा, कारण आपण ताणला की तिलाही वाटतं काहीतरी वाईट होणार. खिशात उकडलेल्या चिकनचे तुकडे असतात. ती समोरच्याकडे बघून परत माझ्याकडे बघते, त्याचं बक्षीस. लोकांना हे सगळं विचित्र वाटतं. "लेट देम से हाय," म्हणतात. मी "नो, थँक यू" म्हणते आणि चालू लागते.

मागच्या वर्षी एका सकाळी ओढ्याकाठच्या अरुंद पायवाटेवर, एका बाजूला कुंपण आणि दुसऱ्या बाजूला उतार, समोरून एक मोठा लॅब्रॅडोर सुटा धावत आला. मालक बराच मागे, हातात कॉफी. आमच्याच कॉलनीतला. "डोन्ट वरी, ही इज फ्रेंडली!"

"माइन इज नॉट," मी ओरडले. "कॉल हिम बॅक. प्लीज, कॉल हिम बॅक."

त्याने हाक मारली, पण कुत्र्याने ऐकलं नाही. मी माझ्या कुत्रीला मागे घेतलं, अंग तिरकं केलं, तळहात पुढे धरला आणि मराठीतच म्हणाले, "थांब." मग मूठभर चिकन त्याच्या तोंडासमोर फेकलं. तो क्षणभर थांबला, दोन तुकडे खाल्ले आणि माझ्या पायांना वळसा घालून थेट तिच्या तोंडाशी गेला. तिने चावा घेतला. त्याच्या कानातून रक्त आलं. मालक धावत आला. "ही नेव्हर डझ एनीथिंग," तो मला म्हणाला, जणू चावलेली मीच होते.

आठवड्याने कॉलनीच्या कमिटीचं पत्र आलं. लेखी माफी मागा आणि कुत्रीला बाहेर नेताना तोंडाला जाळी बांधा, नाहीतर घरमालकाला कळवू. घरमालकाला कळलं म्हणजे एकतर घर जाणार, नाहीतर ती. नवरा म्हणाला, "यार, सॉरी लिही आणि विषय संपव. ग्रीन कार्डचं चालू आहे, कशाला उगाच?"

बाबा, त्याच्या तोंडून तुम्हीच बोलत होतात.

मी बैठकीला गेले. कमिटीच्या अध्यक्ष एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे का. मी म्हटलं, माझी कुत्री पट्ट्यावर होती. मी त्यांना कुत्रा परत बोलवायला सांगितलं, ओरडून, दोनदा. तुमच्याच नियमात लिहिलंय की पट्टा सक्तीचा आहे. माझी चूक नाही आणि मी माफी मागणार नाही. एकही शब्द मागे घेतला नाही. बाईंनी त्या माणसाला विचारलं, "वॉज युवर डॉग ऑन अ लीश?" तो म्हणाला, त्याला कधी गरजच पडली नाही. बाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "दॅट इज नॉट व्हॉट आय आस्क्ड."

पत्र मागे घेतलं गेलं. तो माणूस आता पट्टा आखूड धरून चालतो. मी दिसले की गवतात उतरून उभा राहतो. आम्ही बोलत नाही. बोलायची गरजही नाही. कुत्र्यांनाही एकमेकांना भेटायची गरज नसते, हे मात्र आता त्याला कळलंय.

तुम्ही मला कुत्र्यासमोर उभं राहायला शिकवलंत. मालकासमोर उभं राहायला मी एकटी शिकले, आणि त्याचं श्रेय मी तुम्हाला देणार नाही. त्या दिवशी तुम्ही कडी वाजवली होतीत. तीनदा. मी मोजली होती.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. नवऱ्यालाही ती माहीत नाही. त्या बैठकीला गेले तेव्हा माझ्या पर्समध्ये टाइप केलेलं माफीपत्र होतं. खाली सही करून ठेवलेलं.