एका आकड्याचा फरक

१४ एप्रिल, शनिवार

लाल ताऱ्याचं पदक, ओतीव – म्हणजे नकली. हातात घेतानाच कळलं. अक्षरांच्या कडा वापरलेल्या साबणासारख्या. मधल्या सैनिकाच्या बोटांमध्ये फट नाही – हातमोजा घातल्यासारखा पंजा. ठशाखाली दाबलेल्या चांदीला धार असते, ओतलेल्या चांदीला बुडबुडे. मीना नव्हेच, रंगवलेली लाख. दाताला लावली तर कोमट लागते. खरा मीना काचेसारखा गार.

आणणारा टॅक्सीवाला. म्हणाला, “मास्तर, सासऱ्यानं लग्नात दिलाय हा.”

शेजारून ग़ेन्रिख म्हणाला, “मग सासराही तपासून घे.”

ग़ेन्रिख चिनी मातीची भांडी विकतो. सत्तावीस वर्षं या पुलावरच्या जुन्या बाजारात माझ्या शेजारी बसतो आणि दुसऱ्याच्या गिऱ्हाइकाशी बोलतो.

१५ एप्रिल, रविवार

दुपारी एक म्हातारी आली. नाझिब्रोला मामुलाश्विली, वय एकोणऐंशी, तेलावीच्या पलीकडच्या गावाहून पहाटेच्या मिनीबसनं. पिशवीत भाकरी, चीज, आणि मोज्यात गुंडाळलेला लाल तारा, महायुद्धातलं शौर्यपदक. सोबत त्याची पुस्तिका – शिपायाचं नाव आणि ताऱ्याचा आकडा असलेली.

तिचा बाप ग्रिगोल. तारा चव्वेचाळीस सालचा.

गावच्या शाळेत ९ मेला, विजयदिनी, युद्धाची खोली उघडायची आहे. तिथल्या मुख्याध्यापिका इंगाबाई. त्यांनी मागच्या वर्षी एक पदक कपाटात ठेवलं, ते खोटं निघालं, तेलावीपर्यंत हसू झालं. आता कागद असल्याशिवाय काही घेत नाहीत. पदकं तपासून कागद मी देतो, म्हणून नाझिब्रोला माझ्याकडे.

“एवढंच असतं तर मी आले नसते, लेकरा,” ती म्हणाली. “आमच्या गल्लीत एक जुम्बेर आहे. तो म्हणतो, तुझ्या बापानं तारा बाजारातून घेतला. लढाईत कुठे तरी गोदाम सांभाळत होता म्हणतो. त्याचा बापही तेच म्हणत मेला. मी लहानपणापासून ऐकते. आता मला कागद पाहिजे. तू लिही, मी तो त्याच्या फाटकाला खिळ्यानं ठोकते.”

म्हटलं, “मावशी, मी दिसेल तेच लिहितो.”

“मग दिसेल तेच लिही. घाबरतंय कोण?”

तारा ठेवून गेली. भाकरीचा अर्धा तुकडाही.

१६ एप्रिल, सोमवार

घरी, खिडकीशी, दिवसाच्या उजेडात.

चांदी बरोबर. वजन बरोबर. मीना मूळचा, गडद, डाळिंबाच्या दाण्यासारखा. एका टोकाला टवका उडालेला, पण भर घातलेली नाही. निळ्या दिव्याखाली नवी भर चमकते, इथे काहीच चमकत नाही. टाकसाळीचं नाव खोल आणि स्वच्छ. मागची फिरकी त्याच काळातली. मळसूत्राचं टोक कानशीनं घासून आखूड केलेलं – छातीला टोचतं म्हणून शिपाई करायचे ते. आकडा हातानं कोरलेला, कोरणी घसरल्याची खूण सातावर. आकड्याखालची चांदी पातळ झालेली नाही, म्हणजे जुना आकडा घासून नवा घातलेला नाही.

तारा अस्सल. मनातून बरं वाटलं.

मग पुस्तिका उघडली.

ताऱ्यावर १२७८४१७. पुस्तिकेत १२७८४१२.

पुस्तिकेची शाई तपासली. खाडाखोड नाही, कागद खरवडलेला नाही. पुस्तिकाही अस्सल. दोन्ही खरे आणि एकमेकांचे नाहीत.

हे रोजचं आहे. पुस्तिका असली की ताऱ्याचा भाव चौपट होतो. म्हणून लोक बेवारस पुस्तिकेला बेवारस तारा जोडतात. घरचेही करतात – बापाचा तारा हरवला की दुसरा आणून ठेवतात आणि कोणाला सांगत नाहीत.

नेहमीचं वाक्य लिहिलं. “तारा अस्सल. पुस्तिका अस्सल. आकडे जुळत नाहीत. जोडून केलेला संच.” सही, तारीख.

१७ एप्रिल, मंगळवार

ती कागद घ्यायला आली. दोनदा वाचला. बोट फिरवत, शाळेतल्यासारखा.

“जोडून केलेला म्हणजे?”

“हा तारा या पुस्तिकेचा नाही, मावशी.”

“म्हणजे बापाचा नाही.”

“पुस्तिका त्यांचीच आहे. तारा त्यांना मिळाला होता, यात शंका नाही. फक्त हा तो नव्हे.”

“मग हा कुठून आला?”

“ते मला माहीत नाही.”

“बाजारातून?”

मी पुस्तिका मिटून तिच्याकडे सरकवली.

“म्हणजे जुम्बेर खरं बोलत होता.”

“तसं मी लिहिलेलं नाही.”

“वाचणारा तसंच वाचेल.” तिनं कागदाच्या चार घड्या केल्या. “माझी आई मेली तेव्हा त्याच मोज्यात होता तो. मी कधी त्याला हात लावू दिला नाही कोणाला. मोजा तेवढा बापाचाच, की तोही तपासतोस?”

पैसे घेतले नाहीत. तिनं दिलेही असते.

१८ एप्रिल

पाऊस. पुलावर गेलो नाही.

२१ एप्रिल, शनिवार

ग़ेन्रिखला सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण त्यानं विचारलं, “ती मोजेवाली पुन्हा का आली नाही? रडवलंस ना?”

आकडे सांगितले. तो कप पुसत होता, थांबला.

“बारा आणि सतरा. म्हणजे पाचाचं अंतर?”

“हो.”

“आणि असे तारे किती वाटले त्यांनी?”

“पस्तीस-अडतीस लाख.”

“मास्तर, मी आठवी नापास. पण लाखांच्या ढिगातून कोणी डोळे मिटून तारा उचलला, आणि तो बरोब्बर पाचच घरं पलीकडचा निघाला? आणि एवढं नशीब असलेला माणूस, त्याला शेवटचा एक आकडा कोरून बदलता आला नाही?”

मी वही काढून दोन्ही आकडे पुन्हा पाहिले. तो पुढे म्हणाला, “तू वाङ्मय शिकवायचास म्हणे. गणिताचा मास्तर बरा असता.”

रात्र झाली तरी तेच डोक्यात. बावीस वर्षं निबंध तपासले. पहिली चूक सापडली की लाल रेघ मारायची आणि पुढचं चाळायचं. आकडा जुळला नाही आणि मी पाहणं थांबवलं. किती वेगळा आहे, हे पाहिलंच नाही.

पाच घरं पलीकडचा म्हणजे त्याच खोक्यातला. त्याच खोक्यातला म्हणजे त्याच दिवशी, त्याच रेजिमेंटमध्ये, दुसऱ्या कोणाच्या तरी छातीवर लावलेला.

तो हिच्या मोज्यात कसा?

२२ एप्रिल, रविवार

फोन केला. शेजारणीनं उचलला, मग नाझिब्रोला आली.

“कागद शाळेला दिलात का, मावशी?”

“चुलीत घातला. गावाला तरी कळलंच. मिनीबसमध्ये मीच बहिणीला सांगत होते, मागे जुम्बेरची सून बसलेली. आता तो मला रस्त्यात सलाम ठोकतो. उजव्या छातीवर हात ठेवून, तारा लावतात तिथे.”

विचारलं, वडील ताऱ्याबद्दल काय सांगायचे? कोणी दिला, कुठे दिला?

“काही सांगायचे नाहीत. दाताचं तेवढं सांगायचे.”

“कसल्या दाताचं?”

“तारा मिळाल्यावर दारूत बुडवतात ना. प्यायची आणि तारा दातात धरून वर काढायचा. नाहीतर लाभत नाही. त्यात बापाचा पुढचा दात तुटला. म्हणायचे, जर्मनांना जमलं नाही ते सरकारी चांदीनं केलं.” ती किंचित हसली असावी. “तिथे पेले कुठले? डबाभर स्पिरिट आणि एकच मग. दोघांचे तारे एकाच मगात, आणि दोघं आळीपाळीनं घोट घेत होते.”

“दोघं कोण?”

“बाप आणि एक सोबती.”

“नाव?”

“नाव कधी घेतलं नाही. आई विचारायची. तर म्हणायचे, मेला तो माझ्यापुरता.”

फोन ठेवला.

मीन्याला टवका कशानं पडतो हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो – मगाच्या काठानं, दातानं. शेकडो तारे पाहिले. एका मगात दोन तारे टाकले, तर कोणाच्या दातात कोणता येईल, हे कधी मनात आलं नाही. वरून दोन्ही सारखेच. आकडा मागे. दुसऱ्या दिवशी फिरकी आवळली की कापडाच्या आत. आणि पुस्तिका कारकून लिहितो. तो वहीतला आकडा उतरवतो, छातीवरचा नाही.

२६ एप्रिल, गुरुवार

लष्करी कागदपत्रांच्या अर्काइव्हच्या संकेतस्थळावर तारे दिल्याचा रेजिमेंटचा हुकूम शोधतो आहे. डोळे चुरचुरतात. ग्रिगोल मामुलाश्विली तीन सापडले. एक तोफखान्यातला, एक सत्तेचाळीस साली जन्मलेला – त्याला युद्ध कसं लाभेल. तिसरा अजून उघडत नाही.

ग़ेन्रिख म्हणतो, मी फुकटचं काम करतो. खरं आहे. पण कागदावर सही माझी आहे. तो जळाला तरी गावात चालतोच आहे.

२९ एप्रिल, रविवार

उघडला. हुकूम, नोव्हेंबर ४४. लाल तारा, आठ जण. मामुलाश्विली ग्रिगोल, टेलिफोनची तार ओढणारा शिपाई. गोळीबारात नदीपलीकडे तार नेली, दोनदा तुटली, दोनदा पाण्यात उतरून जोडली.

गोदाम नव्हे.

तारा का दिला, ते कारणांचं पान तीन वेळा वाचलं. वाईट गद्य, सरकारी. एकही वाक्य बदलू नये असं.

आठ नावं वहीत उतरवून घेतली. चार रशियन, एक कझाख, एक आर्मेनियन, दोन आपले.

१ मे, मंगळवार

फोनवर तिला आधी नदीचं वाचून दाखवलं. ती म्हणाली, “पुन्हा वाच.” पुन्हा वाचलं. “तार जोडली?” “दोनदा.” “पोहता यायचं नाही त्यांना,” ती म्हणाली.

मग मगाचं सांगितलं. तारा बदलला गेला असेल, सोबत्याचा तुमच्याकडे, तुमचा त्याच्याकडे. तिनं ऐकून घेतलं. “म्हणजे माझा बाप दुसऱ्याचा तारा लावून फिरला आयुष्यभर?”

“आणि सोबती तुमच्या वडिलांचा.”

“मग कुठे तरी आमचा आहे.”

“असेल. कझाखस्तानात, नाहीतर वितळवूनही टाकला असेल. मी नावं वाचतो. एखादं घरात कधी ऐकलेलं वाटलं तर सांगा.”

सहा नावांना “नाही” म्हणाली. सातवं ग्रिगोलचं. आठवं वाचलं – चालाउरी सोलोमोन.

वाटलं, फोन कटला.

“मावशी?”

“सोलोमोन जुम्बेरचा बाप.”

मग तुकड्यातुकड्यानं सांगितलं. अठ्ठेचाळीस साली गावच्या सरकारी शेतसंस्थेच्या गोदामात गव्हाची चार पोती कमी भरली. गोदाम ग्रिगोलकडे. त्यानं चौकशीत सोलोमोनचं नाव सांगितलं. सोलोमोननं पाच वर्षं काढली. परत आला तेव्हापासून गल्ली ओलांडून कोणी कोणाशी बोललं नाही. दोघं एकत्र लढले, हे तिला आज माझ्याकडून कळलं.

“पोती कोणी नेली होती?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

“चार मुलं होती आम्ही घरात,” ती म्हणाली. “त्या हिवाळ्यात एकही मेलं नाही.”

३ मे

इंगाबाईंना फोन. म्हटलं, कपाटातलं बाकीचंही तपासून देतो, फुकट, रविवारी येतो. त्या खूश. “चालाउरींचाच तेवढा कागद राहिलाय. जुम्बेरकाका म्हणतात, माझ्या बापाला कागद लागत नाही. पण तुम्ही स्वतः आलात तर नाही म्हणणार नाहीत.”

नाझिब्रोलाला कळवलं. म्हणाली, “मी येणार नाही. पुस्तिका शेजारणीकडून पाठवते.” मग, “त्याला पोत्यांचं सांगशील?”

“मी फक्त आकडे वाचतो, मावशी.”

६ मे, रविवार

जुम्बेरनं अंगणात टेबल मांडलं. वाइन, राजम्याचं लोबिओ, ताजी भाकरी. मग मखमलीच्या डबीतून तारा काढला. “घ्या मास्तर, पाहा एकदा खरा कसा असतो.”

फिरकी मीच काढली. सत्तर वर्षांत कोणी काढली नसावी.

१२७८४१२.

तारा उलटा करून त्याच्यासमोर ठेवला. शेजारी ग्रिगोलची पुस्तिका त्याच आकड्याच्या पानावर उघडून ठेवली, आणि चष्मा आहे का, एवढंच विचारलं.