हुणसेवाडीची ग्रंथपेटी तूर्त न हलवण्याबाबत

प्रति,
मा. समाजशिक्षण अधिकारी साहेब,
जिल्हा बीदर, हैद्राबाद राज्य

विषय : मौजे हुणसेवाडी, तालुका हुमनाबाद येथील फिरती ग्रंथपेटी पुढील गावी न पाठवण्याबद्दल.
संदर्भ : पेटी सोमवार ता. १ मार्च रोजी मौजे बेळंबवाडीस द्यावी, असा आपला हुकूम.

महोदय,

खाली सही करणार रेवणसिद्धप्पा मल्लप्पा बिरादार, धंदा शेती, अदबीने अर्ज करतो की, दसऱ्याला आपली पेटी आमच्या ओसरीवर उतरली. फेब्रुवारीअखेर ती पुढच्या गावी जायची, हे तेव्हाच ठरले होते व आम्ही मान डोलावली होती. मान डोलावताना पेटीत काय आहे हे कोणास ठाऊक नव्हते.

१. गावात शाळा नाही. मला उर्दू सही येते, मोडीत हिशेब येतो, छापील बालबोध येत नाही. मुलगा वीरण्णा सोलापूरच्या गिरणीत. वाचता येणारे माणूस एकच, माझी सून शांतम्मा. ती अक्कलकोटकडची, चार इयत्ता शिकलेली. पण सासऱ्यापुढे सुनेने तोंड उघडायचे नाही, हा आमच्याकडचा रिवाज. चार वडीलधाऱ्यांनी बसून तोड काढली की, वाचताना बोलते ते पुस्तक, सून नव्हे. तेव्हापासून दिवेलागणीला ती माजघरात दाराआड बसून वाचते, गाव ओसरीवर ऐकते. मराठी कमी कळणाऱ्यांना ती तेच कानडीत सांगते. त्यामुळे वेळ लागतो.

२. पेटीत पुस्तके पुष्कळ आहेत, पण चालू आहे ती एकच कादंबरी. पुस्तक जाडीला माझ्या अंगठ्याएवढे. तरी संपत कसे नाही, अशी मी आत चौकशी केली. छाप बारीक असल्याने आत मजकूर फार आहे, असे सुनेने माझी बायको सिद्धव्वा हिच्यामार्फत कळवले.

३. पुस्तकाचा गावास झालेला फायदा असा. पुस्तकातल्या गावी विहिरीवर रहाट बसला. दोर ओढून बायकांचे हात सोलवटतात, हे आम्हास तेव्हा कळले. आम्हीही रहाट बसवला. मग पुस्तकात मापात मारणारा एक दुकानदार आला. आमचे दुकानदार काशप्पा तिथेच उठून म्हणाले, "छापणाऱ्याला माझा तराजू कामून दिसायलाय?" दुसऱ्या दिवसापासून त्यांचे माप पुरे भरते. पुस्तकातला सासरा आधी फार खाष्ट होता, हल्ली निवळला आहे. परवा त्याने स्वतः उठून पाणी घेतले. मीही घेतले. सिद्धव्वा अजून हसते आहे.

४. आता मुख्य अडचण. हुकुमाप्रमाणे बेळंबवाडीचे राघोबा बैलगाडी घेऊन पेटी न्यायला आले. दिवेलागणीला थोडे ऐकून निघतो म्हणाले. नेमके त्याच दिवशी पुस्तकातली बाई घर सोडून निघाली. "ह्या बाईचं काय व्हतंय ते कळाल्याबिगर मी हालत न्हाई," असे सांगून ते राहिले. त्यांना शोधायला बेळंबवाडीहून चौघे आले, तेही बसले. त्यांचे बैल आमचा कडबा खात आहेत. काल आणखी एक गाडी आली. पेटी बेळंबवाडीस पाठवण्याऐवजी बेळंबवाडीच इकडे येत असल्याने आपल्या हुकुमाची तामिली उलट बाजूने होत आहे, असे समजावे.

५. शेवटचे खाजगी आहे. लिहिणाराने ते गाळू नये. सून घरात येऊन तीन वर्षे झाली. तिचा आवाज मी पेटी आल्यावर ऐकला. आवाज गोड आहे. मला मुलगी नाही. पेटी गेली की घर पुन्हा मुके होईल, आणि ते मला आता सोसणार नाही. रिवाज मोडायची हिंमत माझ्यात नाही, म्हणून साहेबांचे पाय धरतो.

तरी निदान कादंबरी संपेपर्यंत पेटी इथेच ठेवण्याची मेहेरबानी व्हावी.

आपला पेटीदार व आज्ञाधारक,
रेवणसिद्धप्पा मल्लप्पा बिरादार (सही उर्दूत)
मौजे हुणसेवाडी, ता. ९ मार्च १९५४

सोबत : राघोबांचा अंगठा, राजीखुशीने.

अर्जदारांनी ओसरीवरून सांगितला, माजघरातून लिहिला : शांतम्मा

साहेब, वरचे सगळे मामंजींनी सांगितले तसे लिहिले आहे. खाजगी म्हणाले तेही गाळले नाही. ते लिहिताना मात्र थोडा वेळ लागला.

खालचे माझे आहे. कादंबरी संक्रांतीलाच संपली. शेवटी सगळ्यांची लग्ने होतात. रहाट, तराजू, घर सोडून निघालेली बाई, हे त्यानंतरचे, माझ्या मनाचे. मला अजून पुष्कळ सुचते, पण हातात पुस्तक नसले तर ते ऐकायला कोणी बसणार नाही, आणि मला बोलताही येणार नाही. पेटी न्यायचीच असेल तर न्यावी. त्यातले एक पुस्तक ठेवावे, कोणतेही चालेल.

आपले उत्तर काय यायचे ते येवो. ओसरीवर ते वाचून दाखवणार मीच आहे.