माझ्या पायगुणाविषयी

ब्युनोस आयर्स
बुधवार, सकाळी अकरा

आदरणीय ओविदिओ भावोजी यांस,

सविनय नमस्कार. आपल्या पित्ताशयाने रविवारचे भाजलेले मांस आपल्याला बिनतक्रार खाऊ दिले असेल आणि सेलिनाताईचे गुडघे तांदिलच्या थंडीतही तिचे ऐकत असतील, अशी आशा करतो. माझी प्रकृती ठणठणीत आहे. (हे मुद्दाम लिहितो, कारण पुढील मजकूर वाचून आपणांस निराळी शंका येईल.)

भावोजी, गेले चार दिवस मी सुन्न आहे. वाणिज्य शाखेची पदवी आणि विमा कंपनीतली खुर्ची मागे सोडून मी नाटक-चित्रपटांच्या निर्मितीत शिरलो, त्याला येत्या मार्चात सव्वीस वर्षे होतील. अकरा नाटके, चार चित्रपट. माझी तालीम दहाला म्हणजे दहालाच सुरू होते. माझ्या पडद्याची दोरी मी स्वतः ओढून तपासतो. अशा माणसाला चोपन्नाव्या वर्षी काय कळावे? तर तो मुफा आहे. पनवती. पांढऱ्या पायाचा.

मुफाचे नाव उच्चारायचे नाही आणि तो समोर आला की हात डावीकडे न्यायचा, बायकांनी छातीला, पुरुषांनी त्याहून बरेच खाली, हे आपणांस मी काय सांगावे! आपल्या दंतवैद्यांना पाहून आपण भर चर्चमध्ये तसे केलेले मला आठवते. (ताईला हे पत्र मोठ्याने वाचून दाखवणार असाल तर एवढा भाग गाळावा.)

माझी चूक झाली ती अशी. नऊ वर्षे माझा सहदिग्दर्शक आन्सेल्मो आणि मी तालमीला बरोबरच जात असू. आम्ही दारात दिसलो की सगळ्या मंडळींचे हात डावीकडे जात. मी ते दरवेळी पाहिले आणि निष्कर्ष काढला: बिचारा आन्सेल्मो! सावधगिरी म्हणून मीही खिशातल्या खिशात माझा हात योग्य जागी नेत असे. गेल्या महिन्यात, नवे नाटक निर्विघ्न पार पडावे म्हणून, अत्यंत सभ्य भाषेतले पत्र देऊन मी त्याला निरोप दिला. तो हसत सुटला. म्हणाला, "साहेब, नऊ वर्षं तुमच्या शेजारून चालतोय आणि अजून धडधाकट आहे. माझ्याइतका नशीबवान माणूस तुम्हाला दुसरा मिळायचा नाही!" मला ते उद्धटपणाचे वाटले.

शनिवारी मी एकटाच आत गेलो. अठरा हात डावीकडे गेले. मी मागे वळून पाहिले. मागे फक्त दार होते.

मी खाली बसायला खुर्ची शोधू लागलो, तेव्हा आमची नायिका देल्फिना धावत आली. "अगंबाई, तुम्हाला ठाऊकच नव्हतं? अख्ख्या कोरिएन्तेस रस्त्याला, तिथल्या एकूणएक थिएटरला ठाऊक आहे! बसा, पाणी घ्या. नको, त्या खुर्चीवर नको, ती मला तिसऱ्या अंकात लागते." मग पुरावे निघाले. तळ्याकाठी चित्रीकरण ठेवले तर तळे आटले. संगीतिकेत नायकाचा दात निखळून पहिल्या रांगेत पडला. एका थिएटरचे छत मध्यंतरात कोसळले. मी मुद्देसूद उत्तर दिले, की छत सत्तर वर्षांचे होते, दात खोटा होता आणि त्या साली दुष्काळ संपूर्ण प्रांतात पडला होता. "बघा!" प्रॉम्प्टर म्हणाला, "अख्ख्या प्रांतात!"

शेवटी देल्फिनाने स्पष्टच सांगितले, की शुक्रवारी पहिल्या प्रयोगाला मी इमारतीत असेन तर ती रंगमंचावर पाऊल ठेवणार नाही, आणि फलकावर माझे नाव नको. भावोजी, या शहरात दिवाळे निघालेल्या निर्मात्याला पुन्हा थिएटर मिळते. मुफाला कोणी दूरध्वनीवर उत्तरही देत नाही. एकदा नाव उतरले की माझी सव्वीस वर्षे संपली.

ताईस सादर नमस्कार.

आपला नम्र,
रुफिनो बासाविल्बासो

ता. क. पत्राचे कारण लिहायचे राहिलेच. निर्माता म्हणून फलकावर कोणाचे तरी नाव हवे. मी आपले सुचवले. मंडळींनी ते दोनदा मोठ्याने उच्चारून पाहिले. काहीही पडले नाही. परतीच्या टपालाने संमती कळवावी. (फलक कालच लागले.)

ता. क. दुसरा, शनिवार. पत्र टाकायचे राहून गेले. काल प्रयोगाच्या वेळी मी समोरच्या पिझ्झाच्या दुकानात उभा होतो. प्रयोग नऊचा, आणि नऊ वाजून वीस मिनिटांनीच प्रेक्षक बाहेर पडू लागले. नेपथ्यातली भिंत पहिल्याच अंकात नायकावर पडली, आणि देल्फिनाचा आवाज असा बसला की तिचे मरतानाचे भाषण प्रॉम्प्टरला म्हणावे लागले. माझ्या कारकिर्दीतला सर्वांत वाईट प्रयोग, आणि मी तिथे नव्हतो! आनंदाने मी पिझ्झावाल्याला मिठी मारली. मंडळी रस्ता ओलांडून आली. देल्फिना दोन्ही हात माझ्या गळ्यात टाकून रडली. मग तिथेच एकमताने निर्णय झाला: निर्माता मुफा आहे, आणि निर्माता कोण ते फलकावर ठळक छापलेले आहे. मी आपल्या वतीने बाजू मांडली, पण पुरावा तोकडा पडला. आता सर्व जण आपणांस 'तांदिलचे ते गृहस्थ' एवढेच म्हणतात. पुढल्या महिन्यात आपण इकडे येणार होता; तूर्त येऊ नये. माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही. तरी पाकिटावर नाव न घालता केवळ पत्ता घातला आहे.